हो म्हण, पण आधी हे वाच

चि. सानिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. तुमच्या स्केटिंग क्लबच्या टेस्ट चेअर बाईंनी, म्हणजे मुलांच्या स्केटिंगच्या परीक्षा भरवणाऱ्या बाईंनी, ट्रायल जजिंग (शिकाऊ परीक्षकाचं काम) सुरू कर म्हणून तुला गळ घातली आहे आणि हो म्हणू की नको, असं तू विचारलं आहेस. शेवटी एक ओळ खवचटपणे टाकली आहेस : ‘बाबा, इतकी वर्षं शनिवार-रविवार त्या शेडमध्ये कुडकुडत बसून तुला नक्की मिळालं काय?’ फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुझी आई मागून शेरे मारते आणि तू तिच्या बाजूने हसतेस. म्हणून सविस्तर लिहितो, आणि मराठीतच लिहितो. तुला बालभारती घेऊन बसवताना तुझ्या आईने जेवढा आरडाओरडा केला, तेवढा तरी वसूल व्हायला हवा.

आधी व्यवहाराचं. पैसे मिळत नाहीत. अमेरिकेत स्केटिंगचा जज म्हणजे बिनपगारी माणूस, मग तो गल्लीतल्या टेस्टला बसणारा असो की नॅशनल्सला, राष्ट्रीय स्पर्धेला. यजमान क्लब प्रवासखर्च, हॉटेल आणि जेवण बघतो. त्यातही जवळपासच्या टेस्ट सेशनला पेट्रोलचे पैसे सहसा कोणी मागत नाही, मागायला कसंतरीच वाटतं. सकाळी सातच्या आत हजर व्हायचं, बर्फाच्या लांब कडेला मांडलेल्या टेबलाशी रांगेत बसायचं, बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी गाडी फिरायला लागली की आत जाऊन गरम सूप प्यायचं, की परत बाहेर. फोन बंद. शेजारच्या जजशी गुणांबद्दल बोलायचं नाही. हे सगळं जावईबापूंना आधीच सांगून ठेव, नंतर घरात कुरबुर नको.

आता बाकीचं. 1991 च्या थंडीत आपण पुण्याहून इथे बॉस्टनजवळ आलो तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. शाळेतल्या मैत्रिणी जायच्या म्हणून तुला रिंकवर घातलं. मी बोर्डाला, रिंकच्या कठड्याला, टेकून उभा राहायचो आणि पाय बधिर व्हायचे. तुझ्या कोचबाई एक दिवस म्हणाल्या, इथे उभं राहून गोठण्यापेक्षा तुम्हीही बूट चढवा, निदान हलत राहाल. चाळिशी जवळ आलेली, ऑफिसात नवीन. हात मोडला तर काय सांगणार होतो? पण चढवले. पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढणारा मी, आणि बर्फावर पहिल्या दिवशी बोर्ड सोडवेना. आजूबाजूला चार-चार वर्षांची पोरं भुर्रकन निघून जात होती.

पुढचं तुला माहीत आहे. 1995 साली डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला मोठ्यांसाठी पहिली अडल्ट नॅशनल्स झाली आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना एकदम राजमार्ग सापडला. पंचवीस वर्षांच्या पुढचे सगळे : डॉक्टर, शिक्षिका, निवृत्त पोस्टमन, लहानपणी स्केटिंग सोडलेले, लहानपणी कधी बर्फ न पाहिलेले. मी त्या दुसऱ्या टोकाचा. वॉल्ट्झ जंप, सालकाव, टो लूप आणि कुथत-कुथत एक लूप, इतक्या साध्या उड्या हाच माझा आयुष्यभराचा जमाखर्च. हवेत दोन गिरक्यांची डबल उडी मी कधी मारली नाही. स्थानिक स्पर्धांमध्ये माझ्या वयोगटात पुरुष म्हणून बरेचदा मी एकटाच. तुझी आई पुण्याला फोन करून सांगायची, ‘ह्यांचा पहिला नंबर आला हो,’ आणि किती जणांत ते मुद्दाम सांगायची नाही.

पण त्या एकट्याने केलेल्या स्पर्धांमध्ये मला एक गोष्ट दिसली. समोर एकच स्पर्धक, निकाल आधीच ठरलेला, तरी पॅनेलवरची सगळी माणसं पहिल्या पुशपासून शेवटच्या पोजपर्यंत माझ्यावरची नजर काढत नव्हती. कोणी घड्याळ बघत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर कॉरिडॉरमध्ये एक वयस्क जजबाई थांबल्या आणि म्हणाल्या, तुमच्या उड्या लहान आहेत, पण डाव्या पायाची मागची आउटसाइड एज, पात्याची बाहेरची कड, खरी आहे, ती मोडू नका. मला त्या दिवसाचं पदक कुठे ठेवलं ते आठवत नाही. ते वाक्य आठवतं. आपल्या शरीराने केलेली एक बारीकशी, बरोबर गोष्ट दुसऱ्या माणसाने नेमकी पाहिली होती. ऑफिसात माझ्या कामाकडे इतक्या बारकाईने कोणी बघितल्याचं मला स्मरत नाही.

जज व्हायच्या आधी मी म्युझिक टेबलवर होतो. तेव्हा कॅसेटचा जमाना. प्रत्येक मुलाची वेगळी कॅसेट, वर नाव आणि गट लिहिलेला, बरोबर सुरुवातीपर्यंत गुंडाळलेली, शिवाय एक जादा. नियम असा होता. प्रत्यक्षात पोरं काहीही आणून द्यायची. अर्धी गुंडाळलेली, उलटी बाजू लावलेली, गाडीत उन्हात पडून वितळलेली. मी खिशात पेन्सिल ठेवायचो, चाकात घालून फिती गुंडाळायला. एका मुलीचा वॉल्ट्झ दीड मिनिटांनी संपला आणि बेसबॉलची कॉमेंट्री सुरू झाली. वडिलांनी घरी त्याच कॅसेटवर रेकॉर्ड केलं होतं. त्या पोरीने तशीच शेवटची स्पिन पूर्ण केली आणि वाकून नमस्कार केला. प्रेक्षकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की विजेतीलाही तेवढ्या मिळाल्या नसतील.

नंतर गेटवर उभा राहिलो, नावं पुकारून मुलांना बर्फावर सोडायला. रजिस्ट्रेशनला बसलो. गुणपत्रकं टेबलावरून हिशेबनिसांच्या खोलीत पळवली. आपल्या गणपती मंडळात कसं, मांडव, वीज, पावत्या, चपला सांभाळणारा जो कार्यकर्ता असतो त्याला दहा दिवसांत एकही आरती धड मिळत नाही, तसंच इथे. अख्खी स्पर्धा झाली तरी मी एकही प्रोग्रॅम पूर्ण पाहिलेला नसायचा. म्हणून तर जज व्हावंसं वाटलं, निदान बसून बघायला तरी मिळेल! हे कारण मी अर्जात लिहिलं नाही.

ट्रायल जजिंगमध्ये तुला पॅनेलपासून थोडं लांब बसवतील. तू गुण द्यायचे, ते कशातही धरले जाणार नाहीत. नंतर तुझं पत्रक आणि खऱ्या जजांचं पत्रक शेजारी-शेजारी ठेवतात. तू खूप वरचा टेस्ट पास केलेली आहेस, त्यामुळे तुला वाटेल की आपल्याला सगळं दिसतं. दिसत नाही. स्केटरला स्वतःच्या पायाखालचं कळतं; जजला तीस मीटरवरून, तिरप्या कोनातून, सेकंदाच्या आत कळावं लागतं.

लट्झ या उडीचंच घे. तू ती उडी पोटातून ओळखतेस : मागे जाणारी लांब आउटसाइड एज, खांदे उलट दिशेला ओढलेले, उजवा पाय मागे टेकवून उसळायचं. टेबलाशी बसलेल्या माणसाने उडीकडे बघायचंच नसतं. बघायचं असतं त्या आधीच्या अर्ध्या सेकंदाकडे. मूल कोपऱ्याकडे उलटं घसरत येतं, घोटा बाहेरच्या बाजूला कललेला, सगळं छान; आणि टो पिक (पात्याच्या टोकाचे दात) खाली जाण्याच्या ऐन क्षणी, उडी घ्यायला भीती वाटते म्हणून, घोटा हळूच आत पडतो. पातं बाहेरच्या कडेवरून आतल्या कडेवर येतं. झाली ती फ्लिप, आतल्या कडेवरची सोपी उडी; लट्झ राहिली नाही. बर्फावर त्या ठिकाणी रेघेला एक लहानसा बाक दिसतो, प्रकाश बरोबर असला तर. बहुतेक आईबाप त्या वेळी हवेतल्या गिरक्या मोजत असतात. सुरुवातीला मीही हवेतच बघायचो. एका जुन्या जजने मला शिकवलं : वर काय होणार ते खाली आधीच ठरलेलं असतं, नजर घोट्यावर ठेव. तो माणूस फिगर्सच्या काळातला. बर्फावर उतरून, वाकून, कोरलेल्या वर्तुळांच्या रेघा तपासण्यात त्याची तरुण वर्षं गेली होती. जागतिक स्पर्धेतून फिगर्स 1990 च्या हॅलिफॅक्सनंतर गेल्या, पण त्यांनी घडवलेली ती नजर त्याच्याबरोबर बरीच वर्षं आमच्या टेबलावर होती.

मी सुरुवात केली ती 6.0 च्या, म्हणजे सहापैकी गुण द्यायच्या जुन्या पद्धतीत. त्यात गुण म्हणजे खरं तर क्रमांक. पहिल्या मुलीला 4.8 दिले तर पुढच्या अकरा जणींसाठी वर-खाली जागा शिल्लक आहे ना, हे बघावं लागायचं. चांगली मुलगी आधी आली की हात आखडता घ्यायचा. नव्या जजची निम्मी शक्ती या जागेच्या हिशेबातच जायची. आणि मुलांना काय कळायचं? काही नाही. सातवी आलीस. का आलीस? देव जाणे.

मग 2002 चं सॉल्ट लेक सिटी. तू सतरा वर्षांची होतीस, आपण दोघं सोफ्यावर बसून ऑलिंपिकमधला पेअर्सचा, म्हणजे जोड्यांचा, फ्री प्रोग्रॅम बघत होतो. रशियन जोडीला सुवर्ण, कॅनडाच्या जोडीला रौप्य, आणि तू उशी फेकलीस. पुढे एका जजवर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर पडलं, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण दिलं गेलं आणि जगभर आमच्या जमातीची अब्रू गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला विचारलं गेलं, ‘तुमचा रेट काय?’ गमतीत म्हणाले होते. मला गंमत वाटली नाही.

2004 पासून आलेली नवी पद्धत त्या प्रकरणाची लेक. प्रत्येक उडीला, स्पिनला ठरलेली मूळ किंमत. काय केलं, किती गिरक्या भरल्या, एज कुठली होती हे टेक्निकल पॅनेल व्हिडिओ मागे-पुढे करून ठरवतं. आम्ही फक्त ते किती चांगलं झालं ते सांगायचं. आधी उणे तीन ते अधिक तीन होतं, 2018 पासून उणे पाच ते अधिक पाच. वर कॉम्पोनंट्स, म्हणजे एकूण सादरीकरणाचे गुण, ते पाच होते, 2022 पासून तीनच उरले. मोठ्या पॅनेलमध्ये सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण कापून मधल्यांची सरासरी. मधल्या काही वर्षांत तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये कोणत्या जजने काय दिलं ते लपवायचे. दबाव येऊ नये म्हणून, असं कारण सांगत. मला तो प्रकार मुळीच पटला नव्हता. ज्याला आपल्या गुणांखाली नाव घालायची लाज वाटते त्याने टेबलाशी बसूच नये. 2016 मध्ये ते बंद झालं, बरं झालं.

आमच्यातले जुने लोक अजून 6.0 च्या आठवणीने उसासे टाकतात. म्हणतात, पूर्वी कला होती, आता बेरीज आहे. मी त्यांच्यातला नाही. हल्ली बाराव्या नंबरची मुलगी छापील पत्रक घेऊन कोचपाशी बसते आणि तिला ओळीने दिसतं : फ्लिप पाव गिरकी कमी, दुसरी स्पिन लेव्हल दोन, स्टेप्सना मात्र पॅनेलवरच्या प्रत्येकाने अधिक दिलेले. म्हणजे स्टेप्स तिच्या चांगल्या आहेत! हे तिला आधी कोणी सांगितलं नसेल. पहिल्या तिघींना जजची गरज नसते गं, त्यांना आपण चांगल्या आहोत हे माहीतच असतं. जज बसतो तो बाराव्या नंबरसाठी. माझं हे मत आमच्या बैठकांमध्ये फारसं कुणाला आवडत नाही, पण इतकी वर्षं टेबलाशी बसून ते पक्कंच होत गेलं आहे.

वाईट अनुभव येतील, तेही सांगून ठेवतो. टेस्टमध्ये ‘रिट्राय’, म्हणजे पुन्हा दे, असं लिहिणं सोपं नसतं. मूल आठ महिने पहाटे उठून आलेलं असतं आणि तीन जजांपैकी दोघांनी नाही म्हटलं की संपलं. एकदा पार्किंगमध्ये एक वडील माझ्या गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले. ‘तुझ्या देशात बर्फ तरी पडतो का?’ असं विचारलं. मी म्हटलं, पडतो, पण माझ्या गावात नाही. तुमच्या मुलीची बॅकवर्ड पॉवर थ्री टर्न, ते उलट्या दिशेचं वळण, डाव्या बाजूला घासते, महिन्याभरात होईल. ते गप्प झाले की आणखी चिडले ते मला कळलं नाही, मी काच वर केली. तू इथेच वाढलेली, तुला हा प्रश्न बहुधा येणार नाही; दुसरा कुठला तरी येईल. उत्तर कायम पायांबद्दल द्यायचं, माणसांबद्दल कधीच नाही.

आणि नात्यागोत्यातल्या कोणाचं जजिंग करता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्या सीनियर टेस्टला मी प्रेक्षकांतसुद्धा बसलो नव्हतो. पॅनेलवर माझ्या ओळखीची तिघं होती; त्यांच्या डोळ्यांसमोर माझा चेहरा नको म्हणून गाडीत बसून राहिलो. तू तेव्हा चिडली होतीस. आता त्या टेबलाच्या मागे बसशील तेव्हा पटेल बहुतेक.

आता तुला एका बाईबद्दल सांगतो. जुन्या ‘स्केटिंग’ मासिकांच्या गठ्ठ्यात मला ती भेटली आणि तेव्हापासून माझ्या मनात तिला देवघरात जागा आहे. थेरेसा वेल्ड ब्लँचर्ड. सगळे तिला टी म्हणत. जन्म 1893, आपल्या शेजारच्या ब्रुकलाइनची. वडील बॉस्टनच्या स्केटिंग क्लबच्या संस्थापकांपैकी. 1914 मध्ये ती राष्ट्रीय विजेती झाली, मग युद्ध, मग 1920 ते 1924 ओळीने पाच वेळा. नॅथॅनियल नाइल्सबरोबर जोडीत नऊ वेळा. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, म्हणजे हिवाळी ऑलिंपिक सुरू व्हायच्याही आधी, तिने कांस्य मिळवलं. तिथे तिने सालकाव उडी मारली आणि जजांनी तिला समज दिली : असल्या उड्या बायकांना शोभत नाहीत, झगा गुडघ्याच्या वर जाईल! म्हणजे बघ, ज्या सालकाववर माझ्यासारख्या पेन्शनीतल्या माणसाने पदकं मिळवली, तिच्यासाठी तिला बोलणी खावी लागली.

अशी बाई घरी येऊन जजांना शिव्या देत बसली असती तर मी समजू शकलो असतो. तिने काय केलं? 1923 मध्ये ‘स्केटिंग’ मासिक सुरू केलं आणि पुढची चाळीस वर्षं त्याचं संपादन केलं. आणि स्वतः जज झाली. त्या मासिकाचे जुने अंक चाळ कधीतरी. कुठल्या क्लबमध्ये कुणी कुठली टेस्ट पास केली, नियमात काय बदललं, कुठे नवं रिंक झालं, बारीक टाइपात पानंच्या पानं. पदकांच्या आठवणींना त्यात फारशी जागा नाही. 1976 मध्ये या खेळाचं जागतिक हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्याच यादीत तिचं नाव आलं. तोवर ती ऐंशीच्या पुढे गेली होती.

त्याच बॉस्टन क्लबची मॅरिबेल व्हिन्सन. नऊ वेळा राष्ट्रीय विजेती, 1932 ला लेक प्लॅसिडमध्ये कांस्य, न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्रीडा बातमीदार, मग कोच. तिची शिष्या टेनली ऑलब्राइट 1956 मध्ये ऑलिंपिक जिंकली आणि नंतर सर्जन झाली. मॅरिबेलच्या दोन्ही मुली विजेत्या. 15 फेब्रुवारी 1961 ला प्राग वर्ल्ड्सला, म्हणजे जागतिक स्पर्धेला, निघालेलं अमेरिकेच्या संघाचं विमान ब्रुसेल्सजवळ कोसळलं आणि त्या तिघीही गेल्या. विमानातलं कोणीच वाचलं नाही. अठरा स्केटर गेले हे सगळ्यांना माहीत असतं; त्यांच्याबरोबर कोच, नातेवाईक आणि जजही होते हे कमी जणांना. हॅरोल्ड हार्ट्सहोर्न त्यांतला एक. एके काळी आइस डान्सचा राष्ट्रीय विजेता, मग जज, बायकोला बरोबर घेऊन निघालेला. दुसरा जज एड लमेअर मुलाला घेऊन. पदरमोड करून जगभर हिंडणारी ही माणसं. प्रागची स्पर्धा रद्द झाली आणि त्यांच्या नावाने जो मेमोरियल फंड निघाला त्यातून आजही स्केटर मुलांना मदत मिळते. तू ज्या मैत्रिणीबरोबर उन्हाळ्यात कॅम्पला जायचीस तिला तो मिळाला होता.

हे सगळं इतिहासात जमा झालं असं मला वाटत होतं. 29 जानेवारी 2025 ची रात्र तुला आठवतेच, तूच पहिला फोन केला होतास. विचिटाहून नॅशनल्सनंतरचा कॅम्प आटोपून मुलं परतत होती, वॉशिंग्टनला उतरताना विमानाला लष्कराचं हेलिकॉप्टर धडकलं. 67 माणसं गेली. बॉस्टन क्लबची सहा : दोन मुलं, त्या दोघांच्या आया, आणि शिश्कोवा व नाउमोव्ह हे दोन कोच, 1994 चे पेअर्सचे जगज्जेते. त्या आयांचा विचार माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही. त्यांना मी ओळखत नव्हतो, पण तशा आया मी आयुष्यभर रजिस्ट्रेशनच्या टेबलापलीकडे पाहिल्या आहेत : हातात ड्रेसची बॅग, केसांच्या पिना तोंडात धरलेल्या, पहाटे चारला उठलेल्या. तुझ्या आईसारख्या.

दोनच महिन्यांनी वर्ल्ड्स आपल्याकडे, बॉस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियममध्ये. होणार की नाही, करावी की नाही, यावर क्लबांमध्ये बरंच बोलणं झालं. झाली ती बरंच झालं. गेलेल्यांना रिंकवर आदरांजली वाहिली, इलिया मालिनिन आणि अलिसा लिऊ जिंकले, आणि स्वयंसेवकांच्या खोलीत नेहमीप्रमाणे कॉफी संपली म्हणून भांडण झालं. माझं काम होतं खेळाडूंच्या बसच्या वेळा सांभाळायचं. सत्तरीतल्या माणसाला हातात वॉकीटॉकी दिला की तो किती भाव खातो ते तुझ्या आईला विचार.

तर, मिळालं काय? बघ बाई, टीसारखं मासिक मी काढलं नाही, मॅरिबेलसारखे विजेते घडवले नाहीत. पण आपल्या या भागातल्या बऱ्याच मुलामुलींचं स्केटिंग मी मन लावून पाहिलं आहे, त्यातली बहुतेक पुढे कुठेच पोचली नाहीत. त्यातली एक माझी दातांची डॉक्टर आहे. परवा माझं तोंड उघडं असताना म्हणाली, तुम्ही मला ज्युव्हेनाइल टेस्टला ‘फ्री लेग’बद्दल, बर्फावर नसलेल्या पायाबद्दल, लिहिलं होतं. मला उत्तर देता येत नव्हतं, आणि लिहिल्याचं आठवतही नव्हतं.

म्हणून हो म्हण. पण माझ्या काही अटी आहेत. पहिलं वर्ष महिन्यातून एकाच सेशनला जा, लहानगी अजून तीन वर्षांची आहे. टेस्ट चेअर बाई आणखी मागतील, त्यांना माणसं कमी पडतात, सगळीकडेच पडतात. तरी नाही म्हणायचं. रूलबुक दरवर्षी नव्याने वाचायचं, पाठ आहे असं समजायचं नाही. थंडीत बॉलपेन चालत नाही, पेन्सिली ने, तीन-चार. ब्लँकेट स्वतःचं, बुडाखाली घ्यायला उशी स्वतःची. कोचांशी गोड राहा, पण एकाच्याच टेबलावर रोज जेवू नकोस, लोक बघतात. मुलाचं नाव उच्चारता येत नसेल तर आधी विचारून घे. तुझं स्वतःचं नाव लाउडस्पीकरवरून कसकसं ऐकू यायचं ते तुला आठवतच असेल. आणि ज्या मुलाला नापास करशील त्याच्या पत्रकावर कमीत कमी एक खरी चांगली गोष्ट लिही. खोटी नाही. शोधावी लागली तरी खरी.

आईने बेसनाचे लाडू पार्सल केले आहेत, सोमवारपर्यंत पोचतील. सगळे जावईबापूंना देऊन टाकू नकोस, चार हॉस्पिटॅलिटीच्या, जजांच्या खाण्यापिण्याच्या, टेबलावर ठेव, पहिल्याच दिवशी ओळख होईल. पहिली ट्रायल झाली की तुझं पत्रक आणि पॅनेलचं पत्रक यांत जिथे फरक पडेल त्या गटाचं मला सांग, नावं न घेता, आपण बोलू. फक्त रविवारी सकाळी फोन करू नकोस, प्रिलिमिनरीच्या, सुरुवातीच्या पातळीच्या, टेस्ट आहेत आणि मी सातपासून रिंकवर असेन.

तुझा,
बाबा